बीएमएक्स सायकलवर फेकीतून (उलटं येता येता) वळताना दर वेळी पडतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही सॅन होजेला राहतो. इथल्या लेक कनिंगहॅमच्या स्केटपार्कमध्ये बीएमएक्स (कसरतींची छोटी सायकल) चालतं, म्हणून मुलाला तिकडे न्यायला लागले आणि चार महिन्यांपूर्वी मीही सायकल घेतली. २० इंची चाकं, २५-९ गिअरिंग (पुढे २५ दाते, मागे ९), मागे कॅसेट हब, म्हणजे सायकल उलटी गेली की पॅडलही उलटी फिरतात.

सध्या फेकी शिकतेय. छोट्या क्वार्टर पाइपवर (वक्र रॅम्पवर) सरळ चढायचं, कडेच्या आधी सायकल थांबली की तशीच उलटी खाली यायचं आणि सपाटीवर वळून पुन्हा तोंड पुढे करायचं. उलटं उतरणं जमायला लागलंय. सुरुवातीला पाय घट्ट रोवून ठेवायचे, त्यामुळे मागचं चाक अडायचं आणि मी आपटायचे. आता पॅडलबरोबर पायही मागे फिरवते.

घोडं अडतंय वळण्यात. डाव्या खांद्यावरून मागे बघते, हँडल डावीकडे वळवते, तर सायकल उजवीकडेच फिरते! काल हातावर पडले. सूज नाही, पण धास्ती बसलीय. मुलगा म्हणतो, फ्रीकोस्टर हब घे, मग उलटं जाताना पाय फिरवावेच लागणार नाहीत. घेऊ का? आणि वळताना पाय थांबवायचे कधी?

प्रतिसाद:
ताई, हब बदलू नका. तुमची अडचण हँडलची आहे, फ्रीकोस्टरने ती सुटणार नाही. उलट त्यात पॅडल पुढे रेटल्यावर चाक जरा उशिरा धरतं, त्याची वेगळी सवय करावी लागेल.

गाडी रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की नाक डावीकडे जातं ना, तसंच हे. डावीकडे वळायचं तर आधी हँडल किंचित उजवीकडे. सायकल अर्धी वळून आडव्या दिशेला आली की मान, खांदे आणि हँडल एकदम डावीकडे. तशी अर्धी वळेपर्यंत पाय मागे फिरवत राहा. तिथे मागच्या चाकाची उलटी गती जवळपास संपलेली असते, पाय तेव्हाच थांबवा.

काही दिवस रॅम्पवर जाऊ नका. सपाट जागेत पुढचं चाक भिंतीवर हलकेच आपटून मागे या आणि एवढं वळणच घोटा. पण आधी अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबून बघा. दुखलं तर सूज नसली तरी डॉक्टरांना दाखवा, तिथलं छोटं हाड मोडलेलं पटकन कळत नाही.