धोरण-संशोधन आणि डिजिटल माध्यमांतली इंटर्नशिप: लेखननमुना कसा असावा, आठ आठवड्यांत काय होते?

पारंबी

पुण्यात मास मीडियाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या सत्रात चार क्रेडिटची ऑन-जॉब ट्रेनिंग आहे. ती जाहिरात एजन्सीत न करता इंटरनेट, समाजमाध्यमे आणि त्यांवरचे सरकारी धोरण यांवर काम करणाऱ्या संस्थेत करायची आहे. बहुतेक ठिकाणी सीव्हीसोबत दोन-तीन पानांचा लेखननमुना मागतात. कॉलेजची असाइनमेंट चालेल का? कायद्याची पदवी नसली तर घेतात का? मराठीतल्या कामाला तिथे किंमत असते का? आणि आठ आठवड्यांत नेमके काय पुरे होते?

तळटीप

असाइनमेंट पाठवू नका. ‘समाजमाध्यमांचे तरुणांवरील परिणाम’ छापाच्या लेखात पडताळून पाहण्यासारखे काहीच नसते, आणि निवड करणारा नेमके तेच शोधत असतो. एक छोटा प्रश्न घ्या आणि तो मूळ कागदांवरून सोडवा. मूळ कागद म्हणजे अधिनियम, राजपत्रातली अधिसूचना, निकालपत्र, संसदेतले लेखी उत्तर. त्यांवरची बातमी नव्हे.

उदाहरण देतो. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये समाजमाध्यम कंपन्यांना लागू असलेल्या आयटी नियम २०२१ मध्ये दुरुस्ती करून, सरकारी कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा ठरवणाऱ्या सरकारी फॅक्ट चेक युनिटची तरतूद आणली. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींची मते परस्परविरोधी पडली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींचे मत आले आणि ती तरतूद रद्द झाली. आता कितीतरी लेखांत ‘आयटी नियम रद्द’ असे सरसकट लिहिलेले दिसते. ते चूक आहे. रद्द झाली ती फक्त ही तरतूद, बाकीचे नियम नाहीत. कोणता शब्द गेला आणि कोणता राहिला, हे मूळ नियम आणि निकालपत्र शेजारी ठेवून दीड पानात दाखवलेत तर तो उत्तम नमुना होईल. प्रत्येक विधानामागे नियमाचा किंवा परिच्छेदाचा क्रमांक हवाच.

कायद्याची पदवी खटल्यांच्या कामाला लागते. संशोधनाच्या कामाला कागद शोधणारा, लावणारा आणि नीट लिहिणारा माणूस लागतो. दिल्लीची पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च, इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन, बंगळुरूची सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी आणि तक्षशिला या संस्थांचे जुने अहवाल आधी वाचा आणि अर्जात त्यातल्या एखाद्याबद्दल ठोस काही लिहा. नीती आयोगाची योजना वेगळी आहे. तिथे दर महिन्याच्या १ ते १० तारखेला अर्ज घेतात, कालावधी किमान सहा आठवडे ते कमाल सहा महिने, मानधन नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी बारावीला ८५ टक्क्यांची अट आहे. ती बसत नसेल तर त्यात वेळ घालवू नका.

सांडवा

तळटीप यांच्याशी सहमत. मराठीच्या प्रश्नावर मात्र थोडे सविस्तर लिहिते, कारण मराठी येणे ही इथे खरोखरच मोठी जमेची बाजू आहे आणि विद्यार्थी ती सीव्हीत शेवटच्या ओळीत टाकतात.

मराठी कामाला येईल असा विषय सुचवते: महाराष्ट्रातली इंटरनेटबंदी. मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर भागांत मोबाइल इंटरनेट बंद केले गेले. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितले आहे की असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत. मग ते कुठे आहेत? आठ आठवड्यांत एवढा एकच प्रश्न पुरे होतो.

आधी नियमांची कालरेषा मांडा. नोव्हेंबर २०२४ पर्यंतच्या आदेशांना दूरसंचार सेवा तात्पुरती बंद करण्याचे २०१७ चे नियम लागू होते, त्यानंतर दूरसंचार अधिनियम २०२३ खालचे नवे नियम आले. दोन्हींत राज्यापुरता अधिकार गृहविभागाच्या सचिवाचा आहे, एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस आहे आणि आदेश पुनर्विलोकन समितीपुढे जावा लागतो. त्यामुळे प्रत्येक आदेशाला विचारायचे प्रश्न आयतेच मिळतात: सही कोणाची, कारण लिहिले आहे का, भूभाग आणि तास स्पष्ट आहेत का, समितीने तो कधी पाहिला.

माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. चौथ्या आठवड्यात अर्ज केला तर उत्तर हाती पडायच्या सुमारास तुमचे काम संपलेले असते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयापुरता असावा लागतो. केंद्राच्या ५०० शब्दांच्या मर्यादेची सवय असलेले दिल्लीचे मार्गदर्शक इथे हमखास अडखळतात. शुल्क १० रुपये, ऑनलाइनही भरता येते. मजकूर असा:

‘दि. १ जानेवारी २०२३ ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात राज्यात इंटरनेट सेवा तात्पुरती बंद करण्यासाठी गृहविभागाने काढलेल्या सर्व आदेशांच्या प्रती आणि त्यांवरील पुनर्विलोकन समितीच्या बैठकांची इतिवृत्ते द्यावीत.’

‘का बंद केले?’ असे विचारू नका. या कायद्यात अस्तित्वात असलेला कागद मिळतो, नवे स्पष्टीकरण मिळत नाही. सुरक्षेचे कारण देऊन कलम ८(१)(क) खाली नकार येण्याची शक्यता मोठी आहे. आला तर ३० दिवसांत पहिले अपील करा आणि त्यात भसीन निकालाचा आधार घ्या. नकाराचे पत्रही तुमच्या अहवालाचा पुरावाच असते. शिवाय डेटा संरक्षण कायद्यामुळे माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीबद्दलचे कलम ८(१)(ञ) नोव्हेंबर २०२५ पासून बदलले आहे आणि अशी माहिती नाकारणे सोपे झाले आहे. म्हणून व्यक्तींची नावे मागू नका, आदेश आणि आकडे मागा.

एक गोष्ट आधी ठरवा: अर्ज कोणाच्या नावाने जाणार? तो नागरिकाने करायचा असतो आणि त्यावर पत्ता लागतो. संस्थेच्या कामासाठी विद्यार्थ्याच्या घरचा पत्ता घालायला लावणे मला अजिबात पटत नाही. संस्थेतल्या कायम कर्मचाऱ्याने स्वतःच्या नावाने, कार्यालयाच्या पत्त्यावरून अर्ज करावा.

पारंबी

खूप आभार. विषय जवळपास ठरला. याला जोडून यूट्यूबवरच्या मराठी वृत्तवाहिन्यांनी या बंदीबद्दल काय दाखवले तेही पाहायचे आहे. ते गोळा कसे करायचे?

ओसरी

यूट्यूबच्या एपीआयला (प्रोग्रॅममधून माहिती मागवण्याच्या अधिकृत मार्गाला) दिवसाला १०,००० युनिटांचा कोटा असतो आणि एका शोधाला १०० युनिटे जातात. म्हणजे शंभर शोधांत दिवस संपला. वाहिन्या आधीच ठरवा, त्यांच्या ‘अपलोड’ प्लेलिस्ट वाचा. त्याला प्रत्येक विनंतीमागे एकच युनिट लागते आणि एका खेपेस ५० व्हिडिओ येतात. फेसबुकसाठी जुन्या मार्गदर्शिका क्राउडटँगल हे सार्वजनिक पोस्ट शोधण्याचे साधन सुचवतात. ते १४ ऑगस्ट २०२४ ला बंद झाले.

खरा त्रास देवनागरीचा होतो. ॲप, अॅप, ऍप हे डोळ्यांना जवळजवळ सारखे, पण संगणकाला तीन वेगळे शब्द आहेत. ‘ऱ्या’चीही तीच गत, ‘ऱ’ अक्षर वापरून एक आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून दुसरा. सर्व मजकूर एकाच रूपात आणल्याशिवाय मोजणी करू नका, नाहीतर निम्मे उल्लेख गळतात आणि ते कळतही नाही. एक्सेलमध्ये सीएसव्ही (साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल) थेट उघडली की मजकुराच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. ‘डेटा’ मेनूतून आयात करा आणि यूटीएफ-८ ही अक्षरे साठवण्याची पद्धत निवडा. सरकारी पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूर अर्थहीन आला तर तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला असतो. अशा वेळी पानाची प्रतिमा करून टेसरॅक्ट या प्रतिमेतला मजकूर ओळखणाऱ्या प्रणालीने वाचून घ्या आणि आकडे हाताने तपासा, ५ आणि ६ मध्ये गल्लत होते.

वर्गीकरणाचे निकष आधी कागदावर लिहा. ‘बंदीचे समर्थन’ म्हणजे काय, हे दोन ओळींत आणि दोन उदाहरणांसह. मग दोघांनी वेगवेगळे बसून तेच १०० व्हिडिओ तपासा. नुसती जुळणीची टक्केवारी फसवते, कारण ९० व्हिडिओ एकाच वर्गातले असतील तर सगळ्यांना तोच शिक्का मारणाऱ्याचीही जुळणी छान दिसते. कोहेनचा कप्पा (Cohen's kappa) काढा, म्हणजे योगायोगाने होणारी जुळणी वगळून खरी जुळणी मोजणारा आकडा. ०.६ च्या खाली आला तर माणसे बदलू नका, व्याख्या सुधारा.

पुरावा जपा. व्हिडिओ काढले जातात, मथळे बदलतात. पाहिल्याच दिवशी दुवा, मथळा, तारीख आणि वेळ नोंदवा, पान वेबॅक मशीन या ऑनलाइन संग्रहात साठवा. प्रतिसाद लिहिणाऱ्या साध्या लोकांची नावे तक्त्यात ठेवू नका. अहवालात त्यांचे शब्द जसेच्या तसे दिले तरी शोधून माणूस सापडतो, म्हणून आशय सांगा.

तळटीप

क्रेडिटचे राहिले होते. यूजीसीच्या हिशेबाने इंटर्नशिपच्या एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे चारला १२०, आठ आठवड्यांत आठवड्याला १५ तास. संस्थेला हे रुजू होण्यापूर्वीच ईमेलने कळवा, कारण अनेक ठिकाणी पूर्णवेळ उपस्थिती गृहीत धरतात. रोजची तासांची नोंद मार्गदर्शकाकडून दर शुक्रवारी सही करून घ्या, शेवटी एकदम मागितली तर मिळत नाही. त्याच ईमेलमध्ये तीन गोष्टी लेखी घ्या: मानधन किती, अहवालावर तुमचे नाव येणार का, आणि गोळा केलेला तक्ता पुढे प्रबंधात वापरता येईल का. नोंदणी किंवा प्रमाणपत्रासाठी कोणी पैसे मागितले तर तिथे जाऊच नका.