ग्राउट भरला म्हणजे पाणी अडलं असं नाही

या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय की मागे चिकट थर असलेल्या व्हिनाइल (प्लॅस्टिकच्या) टाइलच्या सांध्यांत ग्राउट (फटी बुजवायचा मसाला) भरला की बाथरूमची जमीन जलरोधक होते. हे मला पटत नाही. टाइल स्वतः पाणी शोषत नाही हे खरं, पण ग्राउट सच्छिद्र असतो आणि साचलेलं पाणी कडांमधून खाली उतरतंच. म्हणून जिथे शॉवरचं पाणी थेट पडतं तिथे या टाइल लावूच नका, कोरड्या भागातच लावा. भिंतीलगत आणि कमोडच्या बुडाशी ग्राउटऐवजी सिलिकॉन भरा.

खरी मेहनत जमिनीवर आहे, आणि लोक तीच टाळतात! मागची चिकट बाजू धूळ, साबणाचा थर किंवा ओल यांवर धरत नाही. खड्डे भरा, उंचवटे घासा, जमीन पूर्ण वाळू द्या. सिमेंटची असेल तर प्रायमर, म्हणजे टाइल नीट चिकटावी म्हणून आधी द्यायचा हात, हवाच. मी पहिल्यांदा प्रायमर वगळला आणि दाराजवळच्या टाइल उचकटल्या, सगळं काढून पुन्हा करावं लागलं.

ग्राउट साध्या सिमेंटचा नको. व्हिनाइल किंचित लवतं, त्यामुळे तो तडकतो. टाइलवाले सुचवतात तो तयार अ‍ॅक्रिलिक ग्राउट घ्या. टाइलमधली फट सारखी राखायला साधारण ३ मिमीचे स्पेसर पुरतात. प्रत्येक टाइल रोलरने दाबा. थोड्या भागातच ग्राउट भरून लगेच ओल्या स्पंजने पुसा, वाळल्यावर तो निघता निघत नाही.

कमोडभोवतीच्या वळणासाठी आधी पुठ्ठा कापून बघा, मग टाइलला कटर लावा.