मदत हवी आहे: लिनक्सवर फायरफॉक्समध्ये हार्डवेअर डीकोडिंग चालत नाही

नमस्कार मंडळी. डिचोलीतल्या आमच्या वाचनालयात मुलांना शनिवारी टीव्हीवर विज्ञानाचे व्हिडिओ दाखवतो. त्यासाठीचा लॅपटॉप आय-५ ७२००यू, एचडी ६२० ग्राफिक्स, ८ जीबी रॅम, डेबियन 12 लिनक्स, नोम डेस्कटॉप, वेलँड डिस्प्ले.

ब्राउझरमध्ये 1080पी, 60 फ्रेमचा व्हीपी-९ (व्हिडिओ दाबून साठवण्याचा एक प्रकार) व्हिडिओ लावला की प्रोसेसरचे चारही थ्रेड भरतात, पंखा ओरडतो आणि चित्र अडखळतं. मुलं कंटाळून उठतात, ते बघवत नाही.

हार्डवेअर डीकोडिंगसाठी, म्हणजे व्हिडिओ उलगडण्याचं काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपने करावं यासाठी, इंटेलचा आयएचडी ड्रायव्हर घातला आहे. ड्रायव्हरला काय जमतं ते सांगणारी व्हीएइन्फो कमांड व्हीपी-९ प्रोफाइल डीकोडसाठी दाखवते. तोच व्हिडिओ उतरवून एमपीव्ही प्लेयरमध्ये व्हीए-एपीआयने (अ‍ॅपला चिपकडून डीकोडिंग करून घेऊ देणारा दुवा) लावला तर लोण्यासारखा चालतो, चिपवरचा भार दाखवणाऱ्या इंटेल जीपीयू टॉपमध्ये व्हिडिओ इंजिनही हलतं. म्हणजे चिप आणि ड्रायव्हर ठीक असावेत. फायरफॉक्समध्ये मात्र ते इंजिन शून्यावरच. त्याच्या अबाउट-कॉन्फिग या सेटिंगच्या पानावरचा व्हीए-एपीआयचा पर्याय ट्रू केला, नवं प्रोफाइल करून पाहिलं, फरक नाही.

एव्ही-१ या दुसऱ्या व्हिडिओ प्रकाराचा प्रश्न नाही, ते या चिपला झेपत नाही हे माहीत आहे. व्हिडिओ व्हीपी-९ च आहे हे तपासलं आहे. व्हीपी-९ ऐवजी एच-२६४ प्रकार लावणारं एक्स्टेंशन नको, कारण मग 60 फ्रेम नेहमी मिळत नाहीत. इंटरनेट मोबाइल डेटावर, त्यामुळे अख्खी सिस्टिम नव्याने घालणं जमणार नाही.

एक गोष्ट महत्त्वाची: फायरफॉक्स फ्लॅटपॅकमधून (अ‍ॅप बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवणारी पॅकेज पद्धत) घातलेला आहे. फ्लॅटपॅकला बाहेरचा ड्रायव्हर दिसत नाही, म्हणून इंटेलचं व्हीए-एपीआय एक्स्टेंशन वेगळं घालावं लागतं का? ते आत पोचलं की नाही हे कोणत्या कमांडने तपासायचं?