मराठा लाइट इन्फन्ट्रीचं नाव बदलावं का?

खडकीकर: 2022 ला सैन्यातली इंग्रजांच्या काळातली नावं, प्रथा तपासणार अशी बातमी आली होती, त्याच वर्षी नौदलाच्या झेंड्यावर महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. मग आपल्या रेजिमेंटच्या नावात 'लाइट इन्फन्ट्री' (हलकं, चपळ पायदळ) अजून कशाला? 1768 ला कंपनीनं ती स्वतःच्या गरजेसाठी उभी केली. मी राहतो त्या खडकीत 5 नोव्हेंबर 1817 ला पेशव्यांच्या फौजेसमोर कंपनीचे मुंबईचे शिपाईच उभे होते, मला ते रोज आठवतं.

सातारची लेक, कोथरूड: दादा, नाव तर इंग्रजांनीच कितीदा बदललं! 1768 ची दुसरी बॉम्बे सिपॉय बटालियन, 1824 ला तिसरी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री, 1903 ला सरसेनापती किचनरनं मुंबईच्या पलटणींच्या नंबरात शंभर मिळवले तेव्हा 103, आणि 1922 ला जुन्या पलटणी एकत्र करून 5वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली तिची पहिली बटालियन. पुढे तो 5 पण गेला. शिपायांच्या तोंडी मात्र ही पहिली बटालियन जंगी पलटणच. आणि 'लाइट इन्फन्ट्री' ही कमावलेली पदवी आहे, 1840 ला बलुचिस्तानात काहुनचा किल्ला काळी पाचवीनं, म्हणजे आताच्या दुसऱ्या बटालियननं, वेढ्यात महिनोन्‌महिने राखला म्हणून 1841 ला मिळाली. माझे पणजोबा 110 नंबरच्या मराठा पलटणीत, इराकमधल्या कूटच्या वेढ्यात होते, 1916 ला तुर्कांचे कैदी झाले. त्यांचं चांदीचं मेडल आजी दर दसऱ्याला राखेनं घासायची, कडेवरचं नाव पार झिजलंय पण 110 अजून अंगठ्याला लागतो. तो आकडा परका कसा म्हणू?

खडकीकर: ताई, पणजोबांना नमस्कारच. पण कूट काय, काहुन काय, लढाई कुणाची होती? मेले आपले, पदवी दिली त्यांनी.

माणगाववाला: आमच्या माणगावात यशवंत घाडगेंचा पुतळा आहे, 10 जुलै 1944 ला इटलीत एकट्यानं मशीनगनचं ठाणं घेतलं, व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. त्यांची पलटण पण 5वी मराठा लाइट इन्फन्ट्रीच, तिसरी बटालियन. नाव काढलं तर पोरांना दोनदोनदा समजवावं लागेल की ही तीच पलटण. रणघोषात महाराज आहेतच की!

खडकीकर: मग जंगी पलटण हेच नाव द्या ना सगळ्या रेजिमेंटला, आपलंच आहे.

सातारची लेक, कोथरूड: ते फक्त पहिल्या बटालियनचं आहे हो. काळी पाचवीच्या कुठल्याही पेन्शनरला विचारा, आम्हाला जंगी म्हणा असं कोणी म्हणणार नाही.