घन समीकरण: उत्तर ४, मग सूत्रात √(−१२१) कुठून?

प्रश्न: क्ष³ − १५क्ष − ४ = ० ला कार्डानोचं (घन समीकरण सोडवायचं) सूत्र लावलं, तर ∛(२+√−१२१) + ∛(२−√−१२१) येतं. ४ टाकून बघितलं तर समीकरण सुटतं. चुकलं कुठे?

उत्तर १: कुठेच नाही. क्ष³ + प·क्ष + फ = ० मध्ये (फ/२)² + (प/३)³ ऋण आलं (इथे ४ − १२५), की तिन्ही मुळं वास्तव असतात आणि सूत्र मात्र काल्पनिक संख्यांतून फिरवून आणतं. (२+√−१)³ = २+११√−१, म्हणजेच २+√−१२१, म्हणून बेरीज (२+√−१) + (२−√−१) = ४. इटालियन गणिती बोम्बेलीने १५७२ साली हेच दाखवलं.

उत्तर २: प्रत्येक कंसाला तीन घनमुळं असतात; त्यांच्या जोड्या वाट्टेल तशा लावू नका, जोडीतल्या दोघांचा गुणाकार −प/३ म्हणजे ५ यायलाच हवा. बहुतेकांचं तिथेच फिसकटतं. उरलेली मुळं: (क्ष−४) ने भागा, क्ष²+४क्ष+१ = ०, म्हणून −२±√३.

उत्तर ३: कॅल्क्युलेटरवर मूळ = २√५·कॉस(θ/३) असं काढणं सोपं; θ हा असा कोन की कॉस θ = २/√१२५. θ/३ ≈ २६.५६५°, पुढच्या मुळांसाठी त्यात १२०°, २४०° मिळवा. वर्गाचं पद असेल (अक्ष³ + बक्ष² + …) तर आधी क्ष = य − ब/(३अ) घालून ते घालवा.