मदत हवी आहे: मागचे ब्रेक डिस्क करायचेत, चतुर्थीच्या आत

देवरुखकर८४: मागच्या ड्रम ब्रेकना कंटाळलो. परवा कोल्हापूरहून येताना आंबा घाटात ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायची, मागची बाजू डावीकडे सरकायची. आई मागे बसलेली. साखरप्यापर्यंत जीव मुठीत. डिस्कचा कुठला सेट बसतो आणि रत्नागिरीत कोण बसवतं, एवढंच सांगा. घाई आहे.

कुडाळचो झील: आधी गाडी खंयची ता सांग.

देवरुखकर८४: अ‍ॅम्बेसेडर हो, मार्क ४. बाबांची.

पद्मिनीप्रेमी: मागे कशाला? पुढे डिस्क करा! ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. मागचा ब्रेक जोरदार केलात तर तीच आधी जाम होतील आणि गाडी फिरेल. माझ्या पद्मिनी गाडीला पुढे डिस्क केले, चार पावसाळे काढले.

लेथवाले काका: आणि पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलतो तो मास्टर सिलेंडर? ड्रमवाल्यात लाइनीत थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तोच ठेवला तर डिस्कचे पॅड सुटत नाहीत, घासून तापतात. मागे डिस्क केलीत तर हँडब्रेकवाले कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबतात ते) शोधा, नाहीतर चढावर गाडी उभी कशी राहणार?

पद्मिनीप्रेमी: काका, मास्टर सिलेंडर बदलूनच केलंय मी.

लेथवाले काका: तुमचं ठीक. देवरुखकर, पेडल खाली जातं का? ब्रेक ऑइल कमी होतं? ड्रम कधी उघडले होते?

गावखडी: गाडीला ५० वर्षं झाली असतील तर २०२१ च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी करून घ्या. नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. मग डिस्क वगैरे मोठे बदल नकोत.

कुडाळचो झील: मार्क ४ म्हणजे १९७९ नंतरची. पन्नास वर्सां खंय झाली? तेका ब्रेक होये, नंबर नको.

देवरुखकर८४: पेडल कडक आहे, ऑइल तेवढंच. ड्रमला आतून घासणारे लायनर गेल्या वर्षी बदललेत, त्यानंतर ड्रम उघडले नाहीत. आता सेटचं बोला ना!

लेथवाले काका: सेट राहू दे. ब्रेक ऑइल कमी होत नाही, म्हणजे चाकापाशी ब्रेक दाबणारा व्हील सिलेंडर गळत नसावा. मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरचं, म्हणजे डिफरन्शियलचं ऑइल सीलमधून डाव्या ड्रमात उतरत असेल. डावा धरत नाही, उजवा धरतो, म्हणून ओढते. दोन्ही ड्रम उघडा आणि वास घ्या, गिअर ऑइलचा उग्र वास लपत नाही. सील बदला. भिजलेले शू, म्हणजे लायनर लावलेल्या पट्ट्या, पेट्रोलने धुऊन परत लावू नका, लायनरने प्यायलेलं तेल तापलं की पुन्हा वर येतं. शू दोन्ही बाजूंचे नवेच घाला. डिफरन्शियलचा ब्रीदर, म्हणजे हवा जायचं भोक, चोंदलाय का तेही बघा. तो बंद असला तर आतली गरम हवा तेलाला सीलबाहेर ढकलते, नवं सीलही टिकणार नाही.

पद्मिनीप्रेमी: तरी पुढे डिस्क कराच.

देवरुखकर८४: काका, डावा ड्रम आत्ता उघडला. शू काळे, ओले, वास तोच. उजवा कोरडा. ब्रीदर मातीने बंद. मागच्या हबचं सील मारुती मंदिराच्या बाजूला कुठे मिळेल का? उद्या सकाळी निघतो.