मदत हवी आहे : वेबसिरीजवरून मालिका होताना लेखिकेने आपली भूमिका करारात कशी राखावी?

नमस्कार. मी नागपूरची असून हौशी रंगभूमीवर अभिनय आणि लेखन करते. राज्य नाट्य स्पर्धेत एकत्र काम केलेल्या आमच्या चमूने यूट्यूबवर एक वेबसिरीज केली. तिचे लेखन माझे आहे आणि नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात खानावळ चालवणाऱ्या अविवाहित बाईची मुख्य भूमिकाही मीच केली आहे. मुंबईच्या एका निर्मितीसंस्थेने आता तिच्यावरून दैनंदिन मालिका करण्याची तयारी दाखवली असून कराराचा मसुदा पाठवला आहे.

मसुद्यानुसार कथा, पात्रे आणि आधीचे सर्व भाग यांचे हक्क कायमचे त्यांच्याकडे जातील. मुख्य भूमिका कोणी करायची ते वाहिनी ठरवेल आणि माझे नाव केवळ ‘मूळ संकल्पना’ एवढ्यापुरते राहील. दैनंदिन मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद बहुधा वेगवेगळी माणसे लिहितात, हे मला मान्य आहे. रोज एक भाग द्यायचा तर एकट्याच्या हातून ते होणारही नाही. परंतु त्यांनी नमुन्यादाखल लिहून पाठवलेला प्रसंग वाचून मी अस्वस्थ झाले. आमच्या भागात ही बाई डब्यात वांग्याची भाजी भरता भरता, स्थळ घेऊन आलेल्या मुलाच्या आईला म्हणते, “तुमच्या पोराले पोळ्या येतात का? मले येतात, म्हनून मले घाई नाही.” त्यांच्या नमुन्यात ती खाली मान घालून म्हणते, “मला अजून लग्नाचा विचार करायचा नाही.” बोली गेली, त्याबरोबर बाईचा ताठ कणाही गेला.

या संदर्भात मला ईसा रे या अमेरिकी लेखिका-अभिनेत्रीची वाटचाल फार महत्त्वाची वाटते. तिने 2011 मध्ये ‘ऑकवर्ड ब्लॅक गर्ल’ ही वेबसिरीज यूट्यूबवर सुरू केली आणि पैसे संपत आल्यावर प्रेक्षकांकडूनच वर्गणी जमवून, 56 हजार डॉलरहून अधिक रक्कम उभी करून, पहिला सीझन पूर्ण केला. पुढे ती टीव्हीवर नेण्याची बोलणी झाली तेव्हा तिच्या जागी उजळ वर्णाची, लांब सरळ केसांची अभिनेत्री घ्यावी, असे तिला सुचवण्यात आले. तिने ते स्वीकारले नाही. एका मोठ्या वाहिनीसाठी लिहिलेली तिची दुसरी मालिका पडद्यावर आलीच नाही, आणि इतरांच्या सूचनांपुढे आपले म्हणणे पातळ होऊ दिल्याचे तिने नंतर मोकळेपणाने सांगितले. त्यानंतर लॅरी विल्मोर यांच्यासह निर्माण केलेली ‘इनसिक्युअर’ 2016 ते 2021 अशी पाच सीझन एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर चालली. तिच्यातली प्रमुख भूमिका ईसाचीच होती आणि लेखनातही तिचा सहभाग होता. अर्थात मोजक्या भागांचे सीझन आणि आपल्याकडची रोजची मालिका यांची व्यवस्था वेगळी आहे, म्हणून तिचा मार्ग जसाच्या तसा इथे लागू पडेल असे मी धरून चाललेले नाही.

माझ्या पटकथांची नोंदणी मी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे केली आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते, आणि वेगळे ठरलेले नसेल तर वर्षभरात न वापरलेले हक्क परत लेखकाकडे येतात, एवढे मी वाचले आहे. म्हणूनच मसुद्यातला ‘कायमचे’ हा शब्द मला सर्वांत जास्त खटकतो. 2012 च्या दुरुस्तीने लेखकाला मिळालेला स्वामित्वधनाचा वाटा मात्र करारानेही काढून घेता येत नाही, हा मोठाच आधार आहे.

मराठी मालिकांच्या लेखनात किंवा निर्मितीत असलेल्या सदस्यांना विचारायचे आहे : मूळ लेखिकाच मुख्य भूमिका करील, अशी अट निर्मितीसंस्था मान्य करतात का, की निदान आधी माझी ऑडिशन घेण्याची अट घालणे अधिक व्यवहार्य ठरेल? ठरावीक मुदतीत मालिका प्रसारित झाली नाही तर हक्क परत मिळावेत, हे कलम कोणी घालून घेतले आहे का? आणि संवादांना माझी संमती लागावी असे लिहून घेता येत नसेल, तर किमान मुख्य पात्राची बोली बदलू नये एवढे तरी नोंदवता येईल का? असे करार हाताळणारे वकील नागपुरात असतील तर त्यांच्याविषयी व्यक्तिगत निरोपातून कळवावे. उत्तर पुढच्या आठवड्यात द्यायचे आहे, आणि भूमिका सोडून नुसती कथा विकायची माझी तयारी नाही, हे लक्षात घेऊन सल्ला द्यावा ही विनंती.